आम्ही गाव का सोडलं, याचा रकाना कुठे आहे?

चाकण औद्योगिक पट्ट्यात राबणाऱ्या माणसांविषयी बोलताना सरकार, उद्योजक आणि वर्तमानपत्रं एकच शब्दप्रयोग करतात : 'रोजगारासाठी आलेले लोक.' महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी इथल्या पत्र्याच्या खोल्यांत नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर, बीडपासून उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशापर्यंतची माणसं राहतात. त्यात आपला समाज मोठ्या संख्येने आहे. पण राजगुरुनगरच्या तहसील कचेरीपासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत या सगळ्यांची कहाणी 'रोजगार' या एका शब्दात संपते. माणूस पोटासाठी आला, पोट भरलं, विषय मिटला.

हा शब्द अर्धं सत्य सांगतो आणि उरलेलं अर्धं झाकतो. जनगणनेत स्थलांतराचं कारण विचारतात. २०११ च्या जनगणनेतले पर्याय होते : काम किंवा नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत हललो आणि इतर. आता सांगा, पाटलाच्या शेतावर सालगडी राहायला नकार दिल्यावर ज्याच्या घराची वाट बंद झाली, त्याने कोणत्या रकान्यात खूण करायची? जयंतीच्या मिरवणुकीवरून मार खाल्ला, पोलिसात तक्रार दिली आणि नंतर गावात कुणी कामच देईना, तो कुठे बसतो? त्याच्या नावासमोर 'काम किंवा नोकरी' असंच लिहिलं जातं. जात हे गाव सोडण्याचं कारण असू शकतं, हे ज्या फॉर्मला माहीत नाही, त्या फॉर्मवर उभं राहिलेलं धोरण आपल्या कामाचं कसं असेल?

म्हणून या लेखाचं म्हणणं एवढंच : स्थलांतराचं धोरण करायचं असेल तर नुसती डोकी मोजून भागणार नाही. दफ्तरं उघडावी लागतील आणि माणसांच्या तोंडून ऐकावं लागेल. समाजशास्त्रात याला अभिलेख संशोधन आणि गुणात्मक संशोधन म्हणतात. नावं जड आहेत, काम साधं आहे. जुने कागद वाचायचे आणि माणसांना नीट विचारायचं. हे काम सरकार आपणहून करणार नाही. ते आपल्याला करावं लागेल आणि सरकारला करायला भाग पाडावं लागेल.

नोंद नाही, म्हणून हक्क नाही

ज्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटतो त्यांनी २०२० आठवावं. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून ते मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी निघाले होते. चार महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, लोकसभेत प्रश्न आला की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा जीव गेला. केंद्रीय श्रम मंत्रालयाने लेखी उत्तर दिलं की अशी माहिती ठेवलेली नाही. आणि माहितीच नाही, त्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. हा सगळा कारभार या उत्तरात आला. आधी मोजायचं नाही आणि मग मोजणी नाही म्हणून द्यायचं नाही.

कायद्याची गत वेगळी नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यांसाठी होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी संहिता आली. तीत ठेकेदाराशिवाय स्वतःहून आलेल्यांनाही धरलं आहे, एवढं चांगलं झालं. पण मर्यादा पाच कामगारांवरून दहावर नेली आणि राज्याची सीमा तशीच ठेवली. म्हणजे किनवटहून चारशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून चाकणला आलेला आपला पोरगा कायद्याच्या भाषेत स्थलांतरित नाहीच. त्याला परप्रांतीय म्हणता येत नाही आणि चाकणमध्ये स्थानिकही कुणी म्हणत नाही. '८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना' ही घोषणा आपण अनेक वर्षं ऐकतो. कंपनीच्या गेटवर 'स्थानिक' या शब्दाचा अर्थ कोण ठरवतं, हे या पट्ट्यात काम शोधलेल्या कुठल्याही मुलाला विचारा.

१९७८ ची माणसं कुठे गेली?

मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे आलेल्या लोंढ्याचं कारण म्हणून १९७२ चा दुष्काळ सगळे सांगतात. ते खरंच आहे. रोजगार हमी योजनाही त्यातूनच उभी राहिली. पण १९७८ कोण सांगतं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, वस्त्यांवर बहिष्कार पडले. किती कुटुंबं रातोरात गाव सोडून शहराकडे गेली? त्यांतली किती पुन्हा कधी गावी परतलीच नाहीत? पुढे १९८१ ची जनगणना झाली. त्या कुटुंबांच्या स्थलांतराचं कारण म्हणून 'दंगल' किंवा 'जात' असा रकाना तिथे नव्हता.

त्या माणसांचा शोध जनगणनेत लागणार नाही. तो दोन ठिकाणी लागेल. एक, कागदांत : पोलीस ठाण्यांचे गुन्हे, जिल्हाधिकारी कचेरीतले मदतवाटपाचे तक्ते, शाळांच्या पटावरून नावं कमी झाल्याच्या नोंदी, न्यायालयांतली प्रकरणं. दोन, माणसांत : तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज साठीच्या आसपास आहे आणि त्याला सगळं आठवतं. त्या वेळी अत्याचार विरोधी समितीने मराठवाड्यातल्या गावांत जाऊन माहिती गोळा केली आणि अहवाल काढला. तो अहवाल आज आपल्या हाताशी आहे, कारण कार्यकर्त्यांनी दंगल शमण्याची वाट न पाहता वही-पेन घेऊन गावं गाठली.

ही फक्त इतिहासाची हौस नव्हे. हिंसेमुळे गाव सोडणारा आणि पगारासाठी गाव सोडणारा या दोघांच्या गरजा वेगळ्या असतात. पहिल्याला पुनर्वसन लागतं, खटल्यात साक्षीला जायचं असेल तर संरक्षण आणि प्रवासखर्च लागतो, गावातल्या जमिनीचं आणि घराचं रक्षण लागतं. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात साक्षीदारांच्या हक्कांची आणि पुनर्वसनाची तरतूद आहे. पण चाकणमधला तो माणूस 'रोजगारासाठी आलेला' असेल तर ती तरतूद त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी?

बाबासाहेबांनी हेच केलं होतं

'मुलाखती म्हणजे गोष्टी, धोरणाला आकडे लागतात,' असं आपल्याला ऐकवलं जातं. आपल्यातलेही काही शिकलेले असं म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचावं. सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या, कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या माणसाला राहायला जागा मिळत नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागतं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेला जमाव बाहेर काढतो. हे आत्मचरित्राचं पान आहेच, शिवाय ती स्थलांतरित दलित नोकरदाराच्या घराच्या प्रश्नाची नोंद आहे. बाबासाहेबांनी त्या छोट्या पुस्तिकेत स्वतःच्या प्रसंगांबरोबर इतरांचे प्रसंगही जाणीवपूर्वक घातले, कारण परक्या वाचकाला अस्पृश्यता काय असते ते आकड्याने कळत नव्हतं.

त्याच पुस्तिकेत चाळीसगावचा प्रसंग आहे. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. स्टार्ट समिती या नावाने ती ओळखली जाते आणि तिचा अहवाल १९३० चा आहे. समिती प्रांतभर फिरून लोकांचं म्हणणं ऐकत होती. म्हणजे बाबासाहेब स्वतः क्षेत्रीय संशोधन करत होते. सायमन कमिशनसमोर साक्ष देतानाही त्यांनी आकडे, सरकारी कागद आणि लोकांचा अनुभव एकत्र मांडला. एकावर विसंबून दुसरं सोडलं नाही.

मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण घ्या. कोकणातून, घाटावरून आलेला अस्पृश्य कामगार गिरणीत होता, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्याला प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. गिरणीत किती कामगार होते हा आकडा हे सांगत नाही. कोण कुठल्या खात्यात आहे आणि का आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा जात काढली की कामगारांत फूट पडते, असं सांगणारे होते. फूट धोट्यात आधीपासूनच होती.

आज चाकणमध्ये धोटा नाही. आज खोली शोधताना पहिला प्रश्न 'गाव कुठलं?' आणि दुसरा 'आडनाव काय?' असतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर 'जेवणखाण कसं असतं?' आणि मग 'खोली कालच दिली'. मुलं भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो खोली मिळाल्यावर दोन महिन्यांनी लावतात. कोण कुठल्या लाइनवर, कोण पेंट शॉपमध्ये, कोण साफसफाईच्या ठेक्यात आणि कोण कायम होतो, याचा जातीशी काय संबंध आहे, याचा एकही सरकारी कागद मला दिसलेला नाही. शोधलाच नाही तर सापडणार कसा?

आधी बायका बोलल्या, मग आकडा आला

'गोष्टींनी धोरण बदलत नाही' या म्हणण्याला महाराष्ट्रातलंच उत्तर आहे. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल कोयत्याला मिळते आणि मुकादमाच्या वहीत नाव पुरुषाचं असतं. बाई अर्धं काम करते आणि वहीत कुठेच नसते. आता अशा वह्यांवरून कितीही मोठं सर्वेक्षण करा, बाईचं दुखणं त्यात येणार नाही. बीडच्या बायका जेव्हा कार्यकर्त्यांशी आणि पत्रकारांशी बोलल्या तेव्हा कळलं की पाळीत खाडा झाला तर दंड बसतो, फडावर संडास नाही, पाणी नाही, दुखणं अंगावर काढलं जातं आणि मग डॉक्टर थेट 'पिशवी काढून टाका' सांगतो.

हे बोलणं बाहेर आलं म्हणून २०१९ मध्ये सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची अट घातली गेली. ते पुरेसं झालं असं मी म्हणत नाही. पण क्रम पाहा. आधी बायका बोलल्या, मग काय मोजायचं ते कळलं, मग आकडा आला, मग नियम आला. आकडा महत्त्वाचा आहेच, पण कुठला आकडा गोळा करायचा हे ऐकल्याशिवाय ठरत नाही.

दफ्तरं उघडता येतात, इच्छा असेल तर

दुसरी सबब अशी की जुने कागद शोधणं सरकारला शक्य नाही. मोडी आहे, उर्दू आहे, वाळवी लागली आहे. ही सबब २०२३ मध्ये कायमची निकालात निघाली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सगळी यंत्रणा कामाला लागली. मोडी आणि उर्दू जाणकार बसवले गेले, तहसील आणि भूमी अभिलेख कचेऱ्यांतले कपाटं उघडली, लाखो नोंदी सापडल्याचं सरकारनेच सांगितलं. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णयही निघाला. त्या मागणीच्या बऱ्या-वाईटाची चर्चा इथे करायची नाही. मुद्दा एवढाच की जुना कागद आजचं धोरण ठरवू शकतो, हे महाराष्ट्र सरकारला पक्कं ठाऊक आहे.

आता आपल्या माणसाकडे या. लातूरहून आलेल्या कामगाराची मुलगी चाकणमध्ये जन्मली, इथेच दहावी झाली. शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा. त्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून राज्यात कुठे राहत होतं त्याचा पुरावा हवा आणि अर्ज मूळ ठिकाणी करायचा. बाप चार दिवसांचा रोज बुडवून गावी जातो. तिथे आजोबांच्या शाळेचा उतारा मागतात. आजोबांना शाळेच्या आत बसू दिलं नव्हतं, तर उतारा येणार कुठून? मग कोतवाल बुक शोधा, गाव नमुना नंबर १४ शोधा. मराठवाडा १९५० मध्ये हैदराबाद राज्यात होता, कागद सापडला तर वाचता येत नाही. एका समाजासाठी सरकार स्वतः कागद शोधतं. दुसऱ्याने आपला कागद आपल्या पैशाने, आपला रोज बुडवून शोधायचा. हा न्याय कुठला?

आणि तो कामगार उत्तर प्रदेशातला चर्मकार असेल तर इथे त्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीतच. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यापासून २०१८ च्या बीर सिंग निकालापर्यंत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. जात त्याच्यासोबत रेल्वेत बसून आली, खोली शोधताना, हॉटेलात, लाइनवर ती त्याला ओळखते, फक्त संरक्षण तेवढं राज्याच्या सीमेवर उतरून गेलं. केंद्र सरकारच्याच स्थलांतरविषयक कार्यगटाने २०१७ मध्ये स्थलांतरितांची जातनिहाय गणना करून त्यांना आलेल्या राज्यात लाभ मिळावेत अशी शिफारस केली होती. ती शिफारस धूळ खात पडली आहे.

कागद नष्ट झाला की माणसाचं काय होतं, हे ब्रिटनने दाखवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून कायदेशीरपणे आलेल्या कृष्णवर्णीयांची आगमनपत्रं ब्रिटिश गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. नंतर त्यांच्याकडेच पुरावे मागितले, नोकऱ्या आणि उपचार नाकारले, काहींना देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये 'विंडरश' नावाने हे प्रकरण फुटलं. मग गृहखात्याने एका इतिहासकाराकडून या कायद्यांचा इतिहास लिहून घेतला. त्यात स्थलांतराच्या कायद्यांमागचा वर्णद्वेष उघडा पडला, तर तो अहवालच दाबून ठेवला. कायदेशीर लढाईनंतर २०२४ मध्ये तो बाहेर आला. सत्तेला दफ्तराची भीती वाटते ती यासाठी.

नोंद कुणाच्या हातात?

इथे एक सावधगिरी हवी. नोंद झाली म्हणजे न्याय झाला असं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, माकडवाल्यांसारख्या भटक्यांच्या नोंदी फार काटेकोर ठेवल्या. हजेरी होती, परवाने होते, फिरणं हाच गुन्हा होता. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. त्यामुळे स्थलांतरितांची यादी पोलीस ठाण्यात लावा, ही मागणी आपली असू शकत नाही. कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं आणि कागद कुणाकडे राहणार, हे आधी विचारायचं.

आणि 'आपण स्थानिक, ते बाहेरचे' या भाषेपासून खेड तालुक्यातल्या आपल्या तरुणांनी लांब राहावं. आपले आजे-पणजेही गावकीच्या कामातून आणि वतनाच्या गुलामीतून सुटायला मुंबईच्या गिरण्यांत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, देहूरोडच्या डेपोत गेलेच होते. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती अशाच गाव सोडून आलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. खुद्द रामजी सुभेदारांचं कुटुंब आंबडवे, महू, दापोली, सातारा, मुंबई असं फिरलं. आपली चळवळच स्थलांतरितांनी उभी केली आहे.

काय मागायचं, काय करायचं

२०२७ ची जनगणना जातीसह होणार आहे. म्हणून मागण्या आताच ठरवू.

१. जात, स्थलांतर आणि स्थलांतराचं कारण यांचे एकत्रित तक्ते तालुका पातळीपर्यंत प्रसिद्ध करा. कारणांत अत्याचार, बहिष्कार आणि विस्थापन यांचे वेगळे पर्याय द्या.

२. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या कामगारालाही कायद्याने स्थलांतरित माना.

३. शिंदे समितीसाठी जशी दफ्तरं उघडली तशी अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या १९५० आणि १९६१ पूर्वीच्या नोंदींसाठी उघडा. दाखल्यांची शिबिरं चाकण आणि राजगुरुनगरला घ्या.

४. चाकण पट्ट्यातल्या घरभाडं आणि नेमणुकांतल्या जातिभेदाचा मुलाखतींवर आधारित अभ्यास करा. पुण्यात बार्टी आहे, तिथे आपली संशोधक मुलं आहेत, त्यांना हा विषय द्या.

पण मागणी करून गप्प बसायचं नाही. प्रत्येक शाखेने दहा माणसांच्या मुलाखती घ्याव्यात. 'गाव का सोडलं?' असं विचारलं की 'पोटासाठी' हेच उत्तर येतं. त्याऐवजी 'गाव सोडण्याआधीच्या वर्षात काय काय झालं?' असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. बाईला नवऱ्यासमोर विचारू नका. परवानगी घ्या, नाव बदला, गावाचं नाव सांगितल्याने कुणाला धोका असेल तर तेही बदला. मुलाखत फेसबुकवर टाकायची नाही. ज्याचं म्हणणं आहे त्याला लिहिलेलं वाचून दाखवा. घरातल्या पेटीतले जुने कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या पावत्या, पोलिसातल्या तक्रारीच्या प्रती फेकू नका, मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा. माहिती अधिकारात कामगार आणि महसूल खात्याकडे कागद मागा. पुण्याच्या पुराभिलेखागारात वतन आणि इनामाची दफ्तरं आहेत, तिथे जायला लाजू नका. ती आपल्याच पूर्वजांच्या वेठीची कागदपत्रं आहेत.

उद्या धोरण ठरवणाऱ्या टेबलावर कुणीतरी म्हणेल की जातीमुळे स्थलांतर होतं याला पुरावा नाही. त्या वेळी आपल्याकडे चाकणच्या शंभर मुलाखती आणि त्यांना जोडलेले कागद तयार असले पाहिजेत. 'शिका' या आदेशात हेही शिकणं येतं. कामाला लागा.

जय भीम!